पास झालेलं दूध

सतरा जानेवारी. सकाळचं काम नेहमीचं होतं. टेम्पोतून उतरलेल्या कॅनची झाकणं उघडायची, वास घ्यायचा, नमुना काढायचा आणि अल्कोहोल टेस्ट लावायची. आमची डेअरी राहुरीच्या पुढे, नगर-मनमाड रस्त्याला लागून आहे. मी तिथे क्वालिटीला केमिस्ट आहे. सावेडीहून कंपनीच्या गाडीने येते, दूध उतरवायच्या डॉकवर उभी राहते आणि आलेलं दूध घ्यायचं की परत पाठवायचं ते ठरवते. ज्यांचं परत जातं त्यांना मी आवडत नाही. त्याची सवय झाली आहे.

खडकवस्तीचे कॅन उतरले. वास स्वच्छ होता. नळीत थोडं दूध घेतलं, तेवढंच अल्कोहोल घातलं, नळी आडवी करून हलवली. काचेवर रव्यासारखे दाणे चिकटले. आमच्या भाषेत दूध फुटलं.

ही टेस्ट काय सांगते ते आधी सांगते. दुधात केसीन नावाचं प्रोटीन असतं. ते बारीक गोळ्यांच्या रूपात तरंगतं. प्रत्येक गोळीवर ऋण भार असतो, त्यामुळे त्या एकमेकींना ढकलत राहतात. एकत्र येत नाहीत, म्हणून दूध पातळ राहतं. अल्कोहोल त्यांच्याभोवतीचं पाणी ओढून घेतं. चांगलं दूध हा धक्का सोसतं. जे सोसत नाही, ते पाश्चरायझरच्या गरम प्लेटांवर थर होऊन बसतं. मग अख्खी लाइन थांबवून मशीन उघडावं लागतं. म्हणून ही टेस्ट दारातच करायची.

दुसऱ्या कॅनचा नमुना घेतला. तोही फुटला. तिसराही.

आमचे रूट सुपरवायझर शेळके शेजारीच उभे होते. कोणत्या गावाचा टेम्पो कुठल्या रस्त्याने यायचा हे ते बघतात. खडकवस्तीवर त्यांचा जुना राग. तिथलं दूध संकलन केंद्र बायका चालवतात आणि टेम्पो उशिरा आला की शेळक्यांना फोन करून ऐकवतात.

"बघा, आंबलंय," ते म्हणाले. "भांडी धुवायला नकोत, न् आपल्याला ऐकवायला पुढं."

"आंबलं असेल तर आकडा येईल. थांबा."

दूध किती आंबट आहे ते जिभेने सांगता येतं, पण जिभेच्या साक्षीवर कोणाचं दूध परत पाठवता येत नाही. त्यासाठी टायट्रेशन करतात. मोजून घेतलेल्या दुधात रंग बदलणाऱ्या द्रावणाचे थेंब टाकायचे आणि ब्युरेटमधून, म्हणजे खुणा असलेल्या उभ्या काचेच्या नळीतून, ठरलेल्या ताकदीचं, आम्ल मारणारं कॉस्टिक थेंबथेंब सोडायचं. दुधातलं आम्ल संपलं की रंग फिका गुलाबी होतो. किती कॉस्टिक लागलं त्यावरून आम्लता निघते. ब्युरेट वाचताना डोळा द्रवाच्या पातळीच्या रेषेत हवा. शेळके उभ्याउभ्या वरून बघतात आणि दर वेळी चुकीचा आकडा सांगतात.

आकडा आला ०.१३. ताज्या दुधाचा असतो तसा.

मी तेच दूध नळीत उकळून पाहिलं. आंबलेलं दूध उकळलं की नासतं, हे कोणत्याही घरात माहीत असतं. हे नासलं नाही. छान उकळी आली.

"मग खायचा सोडा घातला असंल," शेळके म्हणाले. "आंबलेलं दूध सोड्यानं झाकलंय."

हा संशय वाजवी होता. त्यासाठी रोझॉलिक अ‍ॅसिडची टेस्ट असते. त्याचे थेंब टाकले की शुद्ध दुधाला पिवळट तपकिरी रंग येतो आणि सोडा असेल तर गुलाबी. रंग तपकिरी आला. सोडा नव्हता.

एक गोष्ट मात्र कमी होती. एसएनएफ, म्हणजे दुधातलं पाणी आणि स्निग्धांश सोडून उरणारा घन भाग, नेहमीपेक्षा उतरला होता.

"आता तरी म्हना पानी हाय," शेळके म्हणाले.

मी केंद्राच्या सचिव सुनंदाबाईंना फोन लावला. केंद्र त्यांनीच उभं केलं होतं. त्याआधी वस्तीचं दूध एका खासगी गवळ्याकडे जायचं. तो माप त्याच्या मनाने घ्यायचा आणि दर त्याच्या मनाने द्यायचा. केंद्र बंद पडलं तर वस्तीला परत त्याच्याच दारात कॅन ठेवावा लागणार, हे मला माहीत होतं. सुनंदाबाईंना तर होतंच.

"मॅडम, आमी पानी घालत न्हाई. लॅक्टोमीटर लावूनच घेतो. धा घरांचं बघितलं, समद्यांचं बरोबर भरलं."

"दूध किती गार होतं?"

"गारच की. थंडी लई हाय ना औंदा."

इथेच एक चूक सापडली. लॅक्टोमीटर दुधाची घनता मोजतो. दूध गार झालं की आकसतं, म्हणजे दाट होतं, आणि लॅक्टोमीटर जास्त वर तरंगतो. जानेवारीच्या सकाळी गार दुधात आलेला आकडा तसाच धरला तर हलकं दूधही भारी वाटतं. थर्मामीटर लावून त्यातून थोडं वजा करावं लागतं. थर्मामीटर केंद्राला दिलेला होता. पण तो कोणीतरी गोठ्यात गाईंचा ताप बघायला नेला होता, असं सुनंदाबाईंनी सांगितलं.

म्हणजे दूध हळूहळू हलकं होत गेलं होतं आणि वस्तीला ते कळलंच नव्हतं. पण हलकं दूध फुटत नाही. नुसतं पाणी घातलेलं दूध अल्कोहोलमध्ये असे दाणे धरत नाही. मला उत्तर मिळालं नव्हतं.

प्लांट मॅनेजर जाधव साहेबांना उत्तराची वाट बघायला वेळ नव्हता.

"मॅडम, का फुटलं ते तुम्ही शोधत बसा. मला फुटलेलं दूध लाइनवर नको. आज परत पाठवा. उद्याही फुटलं तर केंद्र बंद. बाकीच्या रूटचं दूध मी एका वस्तीसाठी धोक्यात घालणार नाही."

ह्यात त्यांचं काही चुकलं नव्हतं. तीन कॅन परत गेले. शेळक्यांनी सुनंदाबाईंना फोन केला. काय बोलले ते मी ऐकलं: "तुमचं दूध फुटतंय. उद्या फुटलं तर कुलूप लागंल."

दुसऱ्या दिवशी सकाळी खडकवस्तीच्या दुधाची अल्कोहोल टेस्ट पास झाली.

नळी स्वच्छ. एकही दाणा नाही. तिन्ही कॅन पास. शेळक्यांनीसुद्धा मान हलवली. "फोन लागू पडला बघा," ते म्हणाले. टेम्पोवाला कॅन आत ढकलायला लागला.

मी त्याला थांबवलं. गोठा तोच, गाई त्याच, चारा तोच. एका रात्रीत दूध सुधारत नाही. आजारी माणूस रात्रीत उठून कामाला लागला तर आपण आनंद मानतो, पण दुधाच्या बाबतीत तसं करून चालत नाही.

टायट्रेशन लावलं. आकडा आला ०.०९. ताजं दूधसुद्धा इतकं कमी आम्ल नसतं. रोझॉलिकचे थेंब टाकले. नळी गुलाबी झाली. डॉकवरच्या सगळ्यांना दिसेल इतकी.

आदल्या दिवशी दूध खरं होतं आणि नापास झालं. आज खोटं होतं आणि पास झालं. नोकरीत इतकी वर्षं काढून हे माझ्यासमोर असं शेजारी-शेजारी प्रथमच आलं होतं.

सोड्याने दूध कसं पास झालं तेही सांगते. सोडा दुधातलं आम्ल खातो. आम्ल कमी झालं की केसीनच्या गोळ्यांवरचा ऋण भार वाढतो आणि त्या पुन्हा एकमेकींना जोरात ढकलायला लागतात. अल्कोहोलचा धक्का सोसतात. मूळ बिघाड तसाच राहतो. टेस्टच्या डोळ्यांवर फक्त पट्टी बांधली जाते.

सोडा घातलेलं दूध ही भेसळ आहे. त्यात दोन मतं नाहीत. मी कॅन बाजूला काढून दूध ओतून द्यायला लावलं आणि जाधव साहेबांच्या केबिनमध्ये गेले.

"सोडा आहे," मी सांगितलं.

"झालं तर मग. बंद करा केंद्र."

"काल सोडा नव्हता, तरी दूध फुटलं होतं. ते का फुटलं हे कळल्याशिवाय बंद केलं, तर तेच दूध गवळ्याच्या कॅनमध्ये मिसळून दुसऱ्या नावाने आपल्याच डॉकवर येईल. तेव्हा तर कुठून आलं तेही कळणार नाही."

हा मुद्दा त्यांना पटतो. माणुसकीचा मुद्दा काढला असता तर त्यांनी घड्याळ बघितलं असतं.

"संध्याकाळपर्यंत काय ते सांगा," ते म्हणाले. "पण सोड्याचं रिपोर्टात यायलाच हवं."

"येईल."

रिकामे कॅन घेऊन परत निघालेल्या टेम्पोतच मी बसले. बरोबर अल्कोहोलची बाटली, परीक्षानळ्यांचा स्टँड आणि थर्मामीटर घेतला. शेळके मागून मोटारसायकलवर आले. त्यांना केंद्राला कुलूप लागताना बघायचं होतं.

कालव्याच्या शेवटाला खडकवस्ती आहे. अलीकडे सगळा ऊस, पलीकडे माळ. वस्तीला लागूनच ऊसतोड टोळीच्या कोप्या, म्हणजे पाचटाच्या झोपड्या, पडल्या होत्या. सुनंदाबाई केंद्राच्या पायरीवर उभ्या होत्या. पन्नाशीच्या, उंच, डोक्यावरचा पदर कानामागे खोचलेला. टेम्पोत मला बघून त्यांना कळलं.

"सोडा कोणी घातला?" मी उतरल्या उतरल्या विचारलं.

"मीच घातला." त्यांनी फार वेळ घेतला नाही. "शेळकेभाऊ म्हनले दूध फुटतंय. आमी चहाचं दूध फाटाय लागलं की चिमूटभर सोडा टाकतो. तसाच कॅनमदी टाकला. त्यात पाप काय हाय, घरात आमी पितोच की."

"घरात स्वतःच्या पातेल्यात टाकता. इथून ते दूध लोकांच्या लेकरांना जातं."

"मंग काय करायचं हुतं मी? उद्या फुटलं तर कुलूप, म्हनले. दूध तर खरंच हुतं, तरी फुटलं. खरं दूध तुमी घेत न्हाई, मंग न फुटनारं पाठवलं."

शेळके मागून म्हणाले, "कबूल झालं की मॅडम. चला."

"तुम्हाला घाई असेल तर निघा," मी म्हणाले. "मला गोठे बघायचेत."

पहिल्या गोठ्यात गाईंपुढे उसाच्या वाढ्यांचा ढीग. वाढे म्हणजे उसाचा शेंड्याकडचा हिरवा भाग. तोडणी करताना टोळीचे लोक तो कापून पेंढ्या बांधतात आणि विकतात. दुसऱ्या गोठ्यात वाढे. तिसऱ्यात वाढे. गोठ्यांच्या मागे कडब्याच्या गंज्या प्लास्टिकचा कागद लावून, दोऱ्या बांधून ठेवलेल्या. एकीलाही हात लावलेला नव्हता.

"कडबा देत नाही?" मी विचारलं.

"कशापाई?" सुनंदाबाई म्हणाल्या. "टोळी दाराशीच उतरली औंदा. हिरवागार चारा पायाशी येतोय. कडबा उन्हाळ्याला ठेवलाय. हितं उन्हाळ्यात पाखराला खायला काडी मिळत न्हाई."

"वाढे कधीपासून?"

"टोळी आली तवापासून. दिवाळीनंतर."

"आणि मक्याचा मुरघास?" हवाबंद मुरवलेल्या चाऱ्याबद्दल मी विचारलं.

"त्योबी झाकून ठेवलाय. फोडला की नासतो."

हिशोबाने पाहिलं तर त्यांचं बरोबर होतं. ज्या गावात उन्हाळा कोरडा जातो तिथे शहाणा माणूस साठवलेलं शेवटी काढतो आणि आलेलं आधी वापरतो. टोळी दरवर्षी लांब उतरायची, तेव्हा वाढे थोडे मिळायचे आणि कडब्यात मिसळले जायचे. यंदा ती शेजारी उतरली, म्हणून अख्ख्या वस्तीने दोन-अडीच महिने गाईंना वाढ्यांशिवाय काही घातलं नव्हतं.

मला कारण दिसायला लागलं. पण दिसणं वेगळं आणि सिद्ध होणं वेगळं.

"वाढे न घालणारं एखादं घर आहे का वस्तीत?"

"गंगाधरआबा," एक बाई हसत म्हणाली. "त्यांचं टोळीवाल्याशी वाजलंय. त्याच्या बैलानं आबांची मेथी खाल्ली. तवापास्नं आबा त्याच्याकडनं काडी घेत न्हाईत."

आबांचं भांडण माझ्या फार उपयोगी पडलं. तुलना करायची तर असा एक गोठा लागतोच, जिथे बाकी सगळं सारखं आणि एकच गोष्ट वेगळी. आबांच्या गाई त्याच संकरित जातीच्या, पाणी त्याच विहिरीचं, धार काढायची वेळ तीच. फक्त चारा कडबा आणि लसूणघास.

मी स्टँड केंद्राच्या ओट्यावर मांडला. सुनंदाबाईंनी घरोघरच्या गाईंची ताजी धार वेगवेगळ्या पेल्यांत आणवली. दुपारची वेळ, धारेची नाही, म्हणून जेमतेम निघालं तेवढं. मला तेवढंच हवं होतं. प्रत्येक पेल्याचं दूध नळीत, तेवढंच अल्कोहोल.

सुनंदाबाईंच्या गाईचं फुटलं. शेजारणीचं फुटलं. तिच्या जावेचं फुटलं. एकीचं थोडं, एकीचं जास्त, पण फुटलं. बायका नळीत वाकून बघत होत्या.

आबांच्या गाईचं घातलं. नळी हलवली. काच स्वच्छ.

"माझं पास व्हय?" आबा म्हणाले. "बघा. भांडानं कधी कुनाचं वाईट हुत न्हाई."

शेळके पुढे आले, नळी हातात घेऊन उजेडात धरली आणि परत स्टँडमध्ये ठेवली. त्यानंतर त्यांनी कुलपाचा विषय काढला नाही.

आता हे समजावून सांगणं भाग होतं. नुसतं "वाढे बंद करा" म्हटलं असतं तर मी गेल्यावर ते सुरू झाले असते.

"वाढ्यांमध्ये ऑक्झलेट नावाचा पदार्थ असतो," मी सांगितलं. "त्याला कॅल्शियम फार आवडतं. कॅल्शियमच्या कणावर दोन धन भार, ऑक्झलेटवर दोन ऋण. दोघांची घट्ट जोडी जमते. जोडी तर मिठातही असते, सोडियम आणि क्लोराइडची. पण मीठ पाण्यात विरघळतं. ही जोडी विरघळत नाही. जे विरघळत नाही ते आतड्यातून रक्तात जात नाही, शेणातून बाहेर पडतं. गाईच्या चाऱ्यातलं कॅल्शियम असं वाया जातं."

सगळ्या माझ्याकडे बघत राहिल्या. मी दुसरीकडून सुरुवात केली.

"मुतखडा कोणाला झालाय?"

तीन-चार हात वर झाले. आबांचाही.

"बहुतेक मुतखडे ह्याच जोडीचे असतात. कॅल्शियम आणि ऑक्झलेट."

"म्हंजी गाईच्या पोटात मुतखडाच की," आबा म्हणाले.

"पोटात खडा होत नाही, पण पदार्थ तोच."

"अळू खाजवतं तेबी त्येच का?" एका बाईने विचारलं.

"तेच. त्याचे सुईसारखे स्फटिक असतात."

आता त्यांना चांगलं कळलं. मीही जास्त ताणलं नाही. खरं तर पुढचा भाग इतका सरळ नाही. गाईच्या पोटातले जंतू थोडं ऑक्झलेट मोडतात. वाढे निकसही असतात, गाईला पुरेशी ताकद मिळत नाही. दुधातल्या कॅल्शियम आणि इतर क्षारांचा तोल नेमका कसा बिघडतो आणि दूध न आंबता का फुटतं, ह्यावर जाणकारांचंही पूर्ण एकमत नाही. पण तोल बिघडतो, दूध हलकं होतं आणि केसीनच्या गोळ्या कच्च्या पडतात, हे माझ्यासमोर नळ्यांच्या रांगेत उभं होतं. एका गोठ्यावरून मी शास्त्र लिहिणार नव्हते. केंद्र चालवायचं की नाही एवढंच ठरवायचं होतं.

"मंग वाढं टाकूनच द्यायचं?" सुनंदाबाईंनी विचारलं. "अन् कडबा आत्ताच संपवला तर मे महिन्यात मॅडम चारा घिऊन येणार का?"

"टाकायचं नाही. वाढ्यांची बारीक कुट्टी करून त्यावर चुन्याच्या निवळीचं पाणी शिंपडायचं आणि मुरू द्यायचं. चुन्यात कॅल्शियम असतं. जोडी बाहेरच, कुट्टीवरच जमते. मग पोटात गाईचं कॅल्शियम वाचतं. आणि निम्मे वाढे, निम्मा कडबा."

"चुना किती?"

"ते मी सांगणार नाही. मी गाईची डॉक्टर नाही. डेअरीचे डॉक्टर येतील, ते मापाने सांगतील. आणि मापानेच घ्यायचा. सोडा चिमूटभर म्हणून मूठभर झाला, तसं ह्याचं करू नका."

ही कानउघाडणी सुनंदाबाईंना लागली. मी मुद्दाम केली होती.

संध्याकाळी जाधव साहेबांपुढे रिपोर्ट ठेवला. त्यात आदल्या दिवशीचं दूध शुद्ध असल्याचं लिहिलं. आजच्या दुधात सोडा असल्याचं लिहिलं. सोडा सचिवांनी घातल्याचं आणि त्यांनी कबूल केल्याचं लिहिलं. दूध फुटण्याचं कारण चारा असल्याचं लिहिलं, आबांच्या गोठ्यासकट.

"दोन्ही कसं?" साहेब म्हणाले. "तुम्ही त्यांना वाचवताय की अडकवताय?"

"जे सापडलं ते लिहिलंय."

"चारा सुधारून दूध सुधारायला वेळ लागेल. तोपर्यंत फुटणाऱ्या दुधाचं मी काय करू?"

"पनीरला घ्या. आंबलेलं नाही, भेसळ नाही. आणि पनीरला दूध फुटायचंच असतं."

साहेब क्वचित हसतात. त्या दिवशी हसले. मग लगेच गंभीर झाले. केंद्र चालू ठेवायचं, दूध पनीरच्या टाकीत वेगळं घ्यायचं, डॉक्टर पाठवायचे, हे सगळं मान्य. पण एका अटीवर. केंद्राची किल्ली सुनंदाबाईंकडे राहणार नाही. सचिव दुसरी निवडायची. दूध सुधारलं, वर्षभर एकही तक्रार आली नाही, तर पुढचं पुढे.

मला ही अट कडक वाटली. चूक वाटली नाही. मी हो म्हणाले.

निरोप मीच फोनवर दिला. दुसऱ्या कोणी, विशेषतः शेळक्यांनी, दिलेला मला नको होता.

सुनंदाबाई म्हणाल्या, "तुमी सोड्याचं लिवलं नसतं तर चाललं असतं. दूध तर तुमी फेकूनच दिलं हुतं."

"सोडा लपवला असता, तर चाऱ्याचं लिहिलेलंही साहेबांनी मानलं नसतं. एकाच हाताने लिहिलेल्या दोन ओळी. एक खोटी असेल तर दुसरी कोण खरी धरणार?"

"त्ये तुमचं. केंद्र मी उभं केलं, मॅडम."

"माहीत आहे. म्हणून ते चालू राहिलं पाहिजे."

त्यांनी फोन ठेवला. त्यानंतर त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. नवीन सचिव म्हणून त्यांच्या जावेला निवडलं. किल्ली जावेकडे, पण पहाटे थर्मामीटर घेऊन माप सुनंदाबाईच घेतात, असं टेम्पोवाल्याने सांगितलं. त्याबद्दल मी कोणाला काही विचारलं नाही. अट किल्लीची होती, थर्मामीटरची नव्हती.

डॉक्टर गेले. चुन्याचं प्रमाण ठरलं, खनिज मिश्रण सुरू झालं. गंज्यांचे कागद निघाले. खडकवस्तीचं दूध रोज वेगळं तपासलं. आधी सगळे कॅन फुटायचे, मग एखादा राहायला लागला. एसएनएफ हळूहळू वर चढलं. फेब्रुवारी संपत आला तेव्हा एके दिवशी तिन्ही कॅन पास झाले. मी आम्लता बघितली, नॉर्मल. रोझॉलिक लावलं, तपकिरी. खरं पास होतं. दूध पनीरच्या टाकीतून परत मुख्य लाइनवर घेतलं.

त्या दिवशी घरी जाताना एक गोष्ट डोक्यात राहिली. सोड्याची टेस्ट आम्ही फक्त फुटलेल्या दुधाची करत होतो. पास झालेल्या दुधाकडे बघायला डॉकवर कोणाला फुरसत नसते. त्या सकाळी खडकवस्तीचा कॅन माझ्या संशयामुळे अडकला. संशय आला नसता तर तो आत गेला असता. त्याच्यासारखे आणखी कोणाकोणाचे कॅन आजवर आत गेले असतील, ते मला कधीच कळणार नाही. नापास काय झालं ते बघायला सगळे जमतात. पास का झालं हे विचारायला कोणी थांबत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी डॉकवर रोझॉलिकची बाटली अल्कोहोलच्या बाटलीच्या शेजारी ठेवली आणि शेळक्यांना सांगितलं, "आजपासून दर टेम्पोतला एक पास झालेला कॅन. कोणाचाही असो."

"अर्धा तास जास्त जाईल."

"जाऊ दे."

पहिला टेम्पो खडकवस्तीचा आला. पुढच्या सीटवरून सुनंदाबाई उतरल्या. कॅनबरोबर त्या पहिल्यांदाच आल्या होत्या. माझ्याकडे बघितलं नाही. शेळक्यांना म्हणाल्या, "आमच्यापास्नं सुरुवात करा. समद्यांसमोर."

मी नमुना घेतला. अल्कोहोल लावलं, पास. दुसऱ्या नळीत रोझॉलिकचे थेंब टाकले. त्या वाकून बघत होत्या. रंग पिवळट तपकिरी झाला आणि तसाच राहिला.

"बरं," मी म्हणाले. "पुढचा टेम्पो घ्या."